हाकेचा अर्थ : जुन्नर-आंबेगावच्या मळ्यांतील कुत्रा व त्याचे शिक्षण

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, असे मराठी म्हण सांगते. कुत्र्याचा स्वभाव जन्मजात असून शिक्षणाने तो पालटत नाही, हा सिद्धान्त या म्हणीने गृहीत धरला आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत मात्र या सिद्धान्ताची परीक्षा रोज सायंकाळी होत असते. आणि तीत कुत्र्याइतकीच त्याच्या कुटुंबाचीही परीक्षा होते.

माणिकडोह, येडगाव, डिंभे इत्यादी धरणांच्या पाण्यामुळे या तालुक्यांच्या पूर्वभागी उसाची शेती पसरली. उभ्या उसात बिबट्यास आडोसा मिळतो व मादी तेथेच पिल्ले घालते. शेतकऱ्यांची घरे मळ्यामळ्यांतून विखुरलेली, आणि बहुतेक दारी राखणीचा कुत्रा. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनापैकी 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा, आणि त्यात एकट्या कुत्र्याचा 39 टक्के होता. म्हणजे जो कुत्रा बिबट्याची वर्दी देतो, तोच त्याला अंगणापर्यंत आणणारे भक्ष्यही ठरतो; आणि त्याच अंगणात मुले खेळत असतात. म्हणून दिवे लागण्यापूर्वी कुत्रा एका हाकेसरशी बंदिस्त जागेत येणे, ही या भागात हौसेची गोष्ट नसून संरक्षणाची गोष्ट आहे.

कुत्र्याला उद्देशून मराठी घरांत योजली जाणारी शब्दसंपत्ती मोजकी आहे. ‘यू यू’ हे बोलावण्यासाठी, ‘हाड’ हे घालविण्यासाठी आणि ‘छू’ हे अंगावर सोडण्यासाठी. ही पदे नाम, क्रियापद इत्यादी वर्गांत बसत नाहीत. त्यांना विभक्तिप्रत्यय लागत नाहीत आणि कृतीविना त्यांना अर्थही नसतो. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हाक, हाकणे व हाकलणे हे शब्द एकाच कुळातील होत. जवळ बोलावणे व दूर लोटणे या दोन्ही क्रियांची मुळे अशी एकाच ठिकाणी गुंतलेली आहेत. भाषेत हा गुंता निरुपद्रवी असला, तरी कुटुंबाच्या वागण्यात तो शिरला म्हणजे कुत्र्याचा गोंधळ उडतो.

हाकेच्या ध्वनिरूपास स्वतःचे बळ असते. पॅट्रिशिया मॅकॉनेल यांनी निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या प्राणिशिक्षकांचे संकेत तपासले. तोकडे व लागोपाठ पुनरुक्त होणारे ध्वनी प्राण्यास चालना देतात, तर लांबविलेले ध्वनी त्याची गती मंदावतात, असे त्यांना आढळले. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात पिल्लांना जवळ बोलावण्यासाठी चढत्या स्वराचे चार आखूड ध्वनी हे उतरत्या स्वराच्या एका लांब ध्वनीपेक्षा अधिक उपयोगी पडले. ‘यू यू यू’ या हाकेची घडण या वर्णनाशी जुळणारी आहे. तथापि ध्वनी म्हणजे सर्वस्व नव्हे. बुडापेस्ट येथे आत्तिला आन्दिच व सहकाऱ्यांनी 2016 मध्ये कुत्र्यांच्या मेंदूच्या चित्रणावरून दाखविले, की स्तुतीचा शब्द व स्तुतीचा स्वर दोन्ही एकत्र आले, तरच मेंदूतील सुखसंवेदनेचे केंद्र विशेष जागृत होते. गोड स्वरातील निरर्थक शब्द किंवा कोरड्या स्वरातील स्तुती यांनी ते कार्य होत नाही.

मग कुत्र्याच्या लेखी शब्दाला अर्थ येतो कोठून? शब्दामागून जे घडते, तोच त्याचा अर्थ. वाघ्याला ‘ये’ म्हणून बोलाविले, तो आला, आणि सकाळी कोंबडीमागे धावल्याबद्दल त्याला काठी बसली, तर ‘ये’ या शब्दाचा अर्थ ‘मार’ असा होतो. अपराध आणि शिक्षा यांतील काही तासांचे अंतर माणूस स्मृतीने जोडतो; कुत्रा जोडतो तो हाक आणि काठी. ‘त्याला आपली चूक कळते, म्हणून तो शेपूट घालतो,’ असे यावर सांगितले जाते. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने हा समज दूर केला. ‘अपराधी’ मुद्रा कुत्र्याने चूक केली की नाही यावर अवलंबून नव्हती. धनी रागावला म्हणजे ती दिसे. किंबहुना निरपराध कुत्र्यांच्या ठिकाणी ती अधिक ठळक होती.

कुत्र्याच्या बाजूची भाषा मराठीने बारकाईने टिपलेली आहे. भुंकणे, गुरगुरणे, केकाटणे, विव्हळणे, कान टवकारणे, दात विचकणे हे प्रयोग वेगवेगळ्या अवस्था दर्शवितात. मात्र काही ठिकाणी निरीक्षणावर नीतीचा लेप चढला आहे. शेपूट घालणे म्हणजे भित्रेपणा, गुरगुरणे म्हणजे उद्धटपणा, असे आपण मानतो. वस्तुतः गुरगुरणे ही पूर्वसूचना होय. ती मारून बंद केली, तर भीती तशीच राहते व सूचना तेवढी नाहीशी होते. आणि असा कुत्रा न गुरगुरता चावण्याचा संभव वाढतो. घरात लहान मूल असेल, तर या भेदाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

यावरून शिक्षणाची रीत सहज निघते. हाक प्रथम दोन पावलांवरून द्यावी. कुत्रा येताच त्याच क्षणी भाकरीचा तुकडा द्यावा व मानेवरून हात फिरवावा. मग अंतर क्रमाने वाढवावे. तो येणार नाही असे दिसत असेल, तेव्हा हाक वाया न घालविता स्वतः त्याच्याकडे जावे. सायंकाळच्या हाकेत एक विशेष अडचण आहे. तिचा शेवट नेहमी कोंडण्यात होतो, त्यामुळे हळूहळू ‘ये’ म्हणजे ‘कोंडवाडा’ असा अर्थ रुजतो. यासाठी दिवसातून अनेकदा बोलावून, खाऊ देऊन पुन्हा मोकळे सोडावे, आणि रात्रीचे अन्न नेहमी बंदिस्त जागेतच ठेवावे. उघड्या अंगणात साखळीने बांधणे हा पर्याय नव्हे. तेथे कुत्र्याला ना पळता येते, ना लपता येते.

खाऊपेक्षाही स्पर्शाचे मोल किती, हे कोलकात्याजवळील आयसर संस्थेत अनिंदिता भद्र यांच्या गटाने 2017 मध्ये रस्त्यावरील कुत्र्यांबाबत दाखविले. अनोळखी माणसावर विश्वास बसण्यास वारंवार दिलेल्या अन्नापेक्षा वारंवार कुरवाळणे अधिक कारणीभूत ठरले. उलटपक्षी, पोर्तुगालमधील 92 पाळीव कुत्र्यांच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धाकाने शिकविलेल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक आढळली.

भाषा ही समाजाच्या संकेतावर उभी असते, आणि येथे तो समाज म्हणजे एक कुटुंब. आजी ‘यू यू’ म्हणते, मुलगा शीळ घालतो, सून नावाने बोलाविते आणि आजोबा त्याच नावाने दटावतात. अशा घरात कुत्रा अडाणी ठरतो, तो संकेतच स्थिर नसल्यामुळे. सर्वांनी एक हाक ठरवावी, ती रागाने कधी उच्चारू नये आणि तिच्यामागून नेहमी चांगलेच घडू द्यावे. उसाच्या कडेला अंधार पडू लागला, म्हणजे त्या एका शब्दावर कुत्र्याचा जीव अवलंबून असतो.