नवं कोण? शिक्षक की गाडी?

‘द न्यू टीचर्स कार’ आणि ‘द टीचर्स न्यू कार’. दोन्हीकडे शब्द तेच चार, आणि एकाचंही रूप बदललेलं नाही. फक्त ‘न्यू’ एक जागा सरकला आहे. पहिल्या ठिकाणी नवे आहेत ते शिक्षक. गाडी वीस वर्षांची असली तरी चालेल. दुसऱ्या ठिकाणी शिक्षक निवृत्तीला आलेले असतील, नवी आहे ती गाडी. इंग्रजीत मालकी दाखवणाऱ्या शब्दसमूहात विशेषण आलं, की ते कुणाचं हे बहुतेक वेळा त्याची जागाच ठरवते.

मराठी हेच काम वेगळ्या रीतीने करते. ‘नव्या शिक्षकांची गाडी’ आणि ‘शिक्षकांची नवी गाडी’ यांत विशेषणाची जागा बदलते, तसं रूपही बदलतं. नामाला प्रत्यय लागला की त्याच्या विशेषणाचं सामान्यरूप होतं, म्हणून शिक्षकांचं विशेषण ‘नव्या’ झालं. गाडी प्रत्ययाविना उभी आहे, म्हणून तिचं ‘नवी’ राहिलं. बोलण्याच्या ओघात कुणी ‘नवी शिक्षकांची गाडी’ म्हणालं, तरी ऐकणारा अडखळत नाही, कारण ‘नवी’ हे रूप इथे गाडीशिवाय दुसऱ्या कशाला लागूच शकत नाही. शिवाय आपला षष्ठीचा प्रत्यय लागतो मालकाला, पण चालतो वस्तूच्या लिंगावर: शिक्षकांचा डबा, शिक्षकांची गाडी, शिक्षकांचं घर. म्हणजे ‘शिक्षकांची’ हा शब्द स्वतःच विशेषणासारखा वागतो. इंग्रजीतला ‘टीचर्स’ मात्र डब्यापुढे, गाडीपुढे आणि घरापुढे तसाच्या तसा.

पण मराठीतही ही सोय सगळीकडे मिळत नाही. ‘सुंदर’, ‘लाल’, ‘हुशार’ ही विशेषणं रूप बदलत नाहीत. ‘सुंदर राणीचा महाल’ म्हटल्यावर आपणही जागेवरूनच ठरवतो, की सुंदर आहे ती राणी. त्याहून मजेदार आहे ते ‘जुन्या मुलींच्या शाळेत’. ‘जुनी मुलींची शाळा’ आणि ‘जुन्या मुलींची शाळा’ यांतला फरक स्पष्ट आहे. पण शाळेला ‘त’ लागला, की ‘जुनी’चंही ‘जुन्या’ होतं आणि दोन्ही अर्थ एकाच रूपात मिसळतात. मेळावा कुठे आहे, तर ‘जुन्या मुलींच्या शाळेत’. माजी विद्यार्थिनींनी काढलेल्या शाळेत, की मुलींच्या जुन्या शाळेत? व्याकरण गप्प बसतं आणि उत्तर गावाला विचारावं लागतं.

हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी या बाबतीत मराठीच्या बरीच जवळ होती. ‘म्हाताऱ्या राजाचा’ म्हणायचं तर तेव्हा ‘राजा’, ‘म्हातारा’ आणि त्यांच्या आधीचा दर्शक शब्द, तिघांचीही रूपं षष्ठीत बदलत. पुढे शब्दाच्या शेवटची आघातहीन अक्षरं उच्चारात पुसट होत गेली, इंग्रजी बोलणाऱ्यांचा उत्तरेकडून आलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांशी संबंध वाढला, आणि 1400 च्या सुमारास विशेषणांची रूपं जवळजवळ नाहीशी झाली. मालकीचा एक ‘स’ तेवढा तगला आणि जवळपास सगळ्या नामांवर पसरला. पण तगताना त्याचा स्वभाव पालटला. चौदाव्या शतकात ‘इंग्लंडच्या राजाचा मुलगा’ म्हणताना ‘स’ राजालाच लावत आणि ‘ऑफ इंग्लंड’ मुलाच्या मागे ठेवत. आजचा इंग्रज ‘द किंग ऑफ इंग्लंड्स सन’ म्हणतो. ‘स’ चिकटला इंग्लंडला, मुलगा मात्र राजाचा! प्रत्यय आता एका नामाचा राहिलेला नाही, तो संपूर्ण शब्दसमूहाच्या टोकाला बसतो. मला इंग्रजी व्याकरणातला हा सगळ्यात विलक्षण बदल वाटतो.

दुसरा फरक आपल्याला रोज नडतो. इंग्रजीत मालक बसतो तो ‘ए’ आणि ‘द’ यांच्याच जागी, आणि त्या जागेवर एकच जण मावतो. ‘माय’ आला की ‘ए’ला वाव नाही. मराठीत ‘माझा एक जुना मित्र’ अगदी सहज येतं, म्हणून आपण ‘माय वन ओल्ड फ्रेंड’ बोलून जातो आणि इंग्रज कानाला ऐकू येतं, की या माणसाला जुना मित्र एकुलता एकच आहे. ‘माझ्या वडिलांचे एक जुने मित्र’ म्हणायचं असेल, तर इंग्रजीला वळसा घ्यावा लागतो: ‘अ‍ॅन ओल्ड फ्रेंड ऑफ माय फादर्स’. इथे ‘ऑफ’ही आहे आणि ‘स’ही. पहिली जागा ‘अ‍ॅन’ने घेतल्यामुळे वडील मागे गेले आहेत. मराठी माध्यमाच्या मुलांना ही रचना अपवाद म्हणून पाठ करायला लावतात. मागचं कारण त्यांना सांगितलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कारण एकदा कळलं की पाठ करायला काही उरत नाही.

जागेच्या नियमाला इंग्रजीतही एक मोठं खिंडार आहे. ‘ए न्यू चिल्ड्रन्स हॉस्पिटल’मध्ये ‘न्यू’ आहे मुलांच्या आधी, पण नवं आहे ते रुग्णालय. इथे मुलं मालक नाहीतच. रुग्णालयाचा प्रकार कोणता, एवढंच ‘चिल्ड्रन्स’ सांगतो. त्यामुळे तो रुग्णालयाला घट्ट चिकटून राहतो आणि विशेषण दोघांच्या बाहेर पडतं. सुरुवातीचा ‘ए’ हाच इथला पुरावा आहे: तो एकवचनी, मुलं अनेकवचनी, म्हणजे त्याचा संबंध थेट रुग्णालयाशी. ‘ए’ काढून ‘द’ घातला की हा पुरावा जातो. ‘दि ओल्ड विमेन्स कॉलेज’ नुसतं कागदावर वाचलं तर म्हाताऱ्या बायका की जुनं कॉलेज, हे सांगता येत नाही. बोलताना जोर कशावर दिला, त्यावरून बऱ्याचदा उलगडा होतो.

मालकाभोवती विशेषणं जमत गेली की इंग्रजी बोलणारा ‘स’ सोडून ‘ऑफ’कडे वळू लागतो. ‘द टीचर्स कार’ ठीक, पण ते शिक्षक विज्ञानाचे, नवे आणि नागपूरहून आलेले असतील तर ‘द कार ऑफ द न्यू सायन्स टीचर हू केम फ्रॉम नागपूर’ सोपं जातं. लहान भाग आधी, लांब भाग नंतर, ही प्रवृत्ती जर्मन भाषाशास्त्रज्ञ ओटो बेहागेल यांनी 1909 मध्ये नियम म्हणून मांडली होती. लांबीइतकाच सजीवपणाही महत्त्वाचा: माणसाला ‘स’ सहज लागतो, टेबलाच्या पायाला मात्र ‘ऑफ’ बरा वाटतो.

हे सगळं मूल कधी शिकतं? जीन बर्को यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना काल्पनिक प्राण्यांची चित्रं दाखवली. हा ‘निझ’, याची एक टोपी आहे. तर टोपी कुणाची? हा शब्द मुलांनी जन्मात ऐकलेला नव्हता, तरी बरीच मुलं ‘निझेस’ म्हणाली. म्हणजे त्यांनी नियम आत्मसात केला होता, नुसते शब्द पाठ केले नव्हते. विशेष असं, की दोन निझ दाखवून अनेकवचन विचारलं तेव्हा उच्चार अगदी हाच हवा होता, पण बरोबर उत्तरं कमी आली. हार्वर्डचे रॉजर ब्राऊन यांनी तीन मुलांच्या बोलण्याचा दीर्घकाळ मागोवा घेऊन 1973 मध्ये ‘अ फर्स्ट लँग्वेज’ हे पुस्तक लिहिलं. अनेकवचनाचा ‘स’, मालकीचा ‘स’ आणि क्रियापदाचा ‘स’ कानाला एकच. पण मुलांच्या बोलण्यात ते याच क्रमाने, निरनिराळ्या वेळी पक्के झाले होते.

मेंदूला इजा झाल्यावर हे भेद पुन्हा दिसतात. अर्धांगाच्या झटक्यानंतर काही रुग्णांचं बोलणं तुटक होतं. नामं उरतात, प्रत्यय गळतात. बोस्टनमधले हॅरॉल्ड गुडग्लास यांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला, 1960 मध्ये तर बर्को यांच्याच जोडीने. आढळलं ते असं: अनेकवचनाचा ‘स’ बऱ्यापैकी टिकतो, मालकीचा त्याहून जास्त वेळा निसटतो. पुष्कळ गाड्या आहेत हे सांगायला एक नाम पुरतं. गाडी शिक्षकांची आहे हे सांगायला दोन नामं एकाच वेळी मनात धरून त्यांचं नातं जोडावं लागतं, आणि उच्चार तोच असला तरी मेंदूला ते काम जास्त जड जातं.