ऑस्करचे मतदान

होळीच्या आगेमागे वर्तमानपत्रांतून दरवर्षी एक सोनेरी पुतळा दिसू लागतो. तोच ऑस्कर. मग पारावर किंवा शिक्षकांच्या खोलीत कोणी तरी म्हणतो, "यंदाही आपला चित्रपट पडला म्हणे!" पण पडला म्हणजे नेमके काय झाले? पाडला कोणी? ते आज पाहू.

पहिली गोष्ट ही की, ऑस्कर म्हणजे जगातल्या साऱ्या चित्रपटांची परीक्षा नव्हे. अमेरिकेतील चित्रपट-व्यवसायातल्या मंडळींनी १९२७ साली लॉस एंजेलिस येथे एक अकादमी स्थापन केली. तिच्या सभासदांनी मते देऊन ठरवलेले हे बक्षीस. पहिला समारंभ १६ मे १९२९ रोजी एका हॉटेलात झाला आणि बक्षिसे पंधराएक मिनिटांत वाटून झाली! आज मतदार नऊ हजारांहून अधिक आहेत. नटांची नावे नट सुचवतात, छायालेखकांची छायालेखक; शेवटचे मत मात्र सर्वांनी द्यायचे. तेव्हा ही निवडणूक आहे, हे ध्यानात ठेवा.

त्यातही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे मतदान निराळे. शिक्षक-वाचकांना ते चटकन समजेल. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात आपण नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो ना? २००९ च्या चित्रपटांपासून तिथेही तसेच आहे. समजा, शंभर मतदार आहेत. पहिल्या पसंतीची ४० मते एका चित्रपटाला, ३५ दुसऱ्याला, २५ तिसऱ्याला. निम्म्याहून अधिक कोणालाच नाहीत. मग तळाचा तिसरा बाद. त्याच्या २५ मतपत्रिकांवर दुसरी पसंती कोणाला आहे ते पाहायचे. त्यांतल्या २० दुसऱ्याकडे गेल्या, ५ पहिल्याकडे. झाले! ५५ विरुद्ध ४५, आणि आरंभी मागे असलेला जिंकला. ज्याच्यावर काही जण जीव टाकतात, पण बाकीचे नाके मुरडतात, असा चित्रपट या पद्धतीत मागे पडू शकतो. हे बरे की वाईट, यावर तिकडे दरसाल वाद होतो. मला स्वतःला ही पद्धत न्यायाची वाटते. पण धाडसी चित्रपटाला ती जड जाते, हेही कबूल केले पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. परभाषी चित्रपटांसाठी १९५६ च्या चित्रपटांपासून वेगळी स्पर्धा सुरू झाली. नियम असा की, एका देशाने एकच चित्रपट पाठवायचा. बंगाली, मल्याळी, मराठी, तमिळ, हिंदी, सगळ्यांत मिळून एक! तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती निवडते. म्हणजे पहिली चुरस घरातच. २०२४ साली पायल कपाडिया यांच्या चित्रपटाला कान महोत्सवात ग्रां प्री हा मोठा मान मिळाला, पण समितीने 'लापता लेडीज' पाठवला. तो पहिल्या चाळणीतच गळला, आणि मग समितीवर टीकेची झोड उठली. शेवटच्या पाचांत २०२५ पर्यंत आपले तीनच चित्रपट पोचले: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. जिंकला एकही नाही.

मराठीतला 'श्वास' आठवतो का? कोकणातला आजोबा नातवाला डोळ्याच्या दुखण्यासाठी पुण्याला आणतो, आणि कळते की जीव वाचवायचा तर पोराची दृष्टी जाणार. १९५४ साली 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते. त्यानंतर पन्नास वर्षांनी, २००४ साली, 'श्वास' देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि ऑस्करला निघाला. पण निवडणूक म्हटली की प्रचार आलाच! तिकडच्या व्यवसायपत्रांत जाहिराती द्यायच्या, मतदारांसाठी खेळ लावायचे, परक्या शहरात महिनोन् महिने राहायचे. हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्या यावर पाण्यासारखा पैसा ओततात. इथे मात्र वर्गणी निघाली. सरकारने मदत केली, कलावंतांनी केली, शाळकरी मुलांनीसुद्धा पैसे जमवले. शेवटच्या पाचांत 'श्वास' आला नाही. पुतळा त्या वर्षी एका स्पॅनिश चित्रपटाने नेला. पैसा कमी पडला म्हणूनच हरला, असे मी म्हणणार नाही. पण मुलांच्या खाऊचे पैसे एका बाजूला आणि त्या कंपन्यांच्या थैल्या दुसऱ्या बाजूला, याला बरोबरीची लढत कसे म्हणावे?

मतदार खरोखर चित्रपट पाहतात का, ही तक्रार तर फार जुनी. अखेर २०२५ साली अकादमीने नियम केला: शेवटच्या फेरीत ज्या विभागात मत द्यायचे, त्यातले सगळे चित्रपट आधी पाहिलेच पाहिजेत. अकादमीच्या स्वतःच्या व्यवस्थेवर पाहिला तर त्याची नोंद होते. बाहेर कुठे पाहिला असेल, तर कधी आणि कोठे, ते सभासदाने लिहून द्यायचे. हे वाचले आणि मला आमच्या महाविद्यालयातला हजेरीपट आठवला. त्यातही 'हजर' असते. पोरगा वर्गात असतोच असे नाही.