आज्ञावलीच्या कारखान्यांतील मुकादम

पुण्याच्या पश्चिमेस हिंजवडी म्हणून जें गांव आहे, तेथें आज संगणकाच्या आज्ञावल्या तयार करणारीं मोठमोठीं कार्यालयें उभीं आहेत, हें आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. पुष्कळांच्या घरचे मुलगे, मुली, सुना तेथें कामासहि जातात. तरी त्या कार्यालयांत दिवसभर चालतें काय, असें कोणीं विचारल्यास आपणांस नीट सांगतां येत नाहीं. त्यांतहि आठदहा इंजिनियरांच्या तुकडीचा जो प्रमुख असतो, त्याचें काम घरच्या माणसांस अगदींच अगम्य वाटतें. कालपर्यंत हा मुलगा संगणकावर कांहीं तरी लिहीत असे. बढती मिळाल्यापासून तो नुसता बोलत असतो! माझ्या सुनेकडे अशीच आठ जणांची एक तुकडी आहे. आठवड्यांतून दोन दिवस ती घरूनच काम करते. शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं एकदां मला विचारलेंहि, "सूनबाईंना आतां काम कमी झालें वाटतें? सारखें बोलणेंच ऐकूं येतें." त्या बोलण्यासच काम कां म्हणावयाचें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

आज्ञावली, म्हणजे ज्यास आपण सॉफ्टवेअर म्हणतों तें, ही यंत्रास द्यावयाच्या सूचनांची एक लांबलचक यादी असते. एकट्यानेंच लिहावयाची असती तर ती निबंधासारखी झाली असती. परंतु बँकेच्या व्यवहाराची आज्ञावली लाखों ओळींची असूं शकते. तिचा एक भाग एकजण लिहितो, दुसरा भाग दुसराच कोणी. आणि ते भाग जेथें एकमेकांस मिळतात तेथें दोघांच्या मनांत एकच समजूत असावी लागते. एकानें रक्कम रुपयांत धरली आणि दुसऱ्यानें पैशांत, तर दोघांचेंहि लिहिणें निर्दोष असून हिशेब शंभरपटीनें चुकेल. १९९९ सालीं मंगळाकडे गेलेलें अमेरिकेचें एक यान अशाच कारणानें नष्ट झालें. एका गटाची आज्ञावली पौंडाच्या मापांत आंकडे देत होती, आणि दुसरा गट तेच आंकडे न्यूटनच्या मापांत आहेत असें समजून चालला होता.

येथें थोडें अंकगणित करूं. दोन माणसें असलीं तर समजूत जुळविण्याची जोडी एकच. चार असलीं तर जोड्या सहा, आठ असलीं तर अठ्ठावीस, आणि सोळा असलीं तर एकशेंवीस. माणसें दुप्पट झालीं कीं जोड्या चौपटीहून अधिक वाढतात. आय्. बी. एम्. या अमेरिकन कंपनीच्या एका प्रचंड आज्ञावलीचें काम ज्यांनीं चालविलें होतें, त्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनीं १९७५ सालच्या आपल्या पुस्तकांत यावरूनच एक विलक्षण नियम सांगितला: रेंगाळलेल्या कामावर नवीं माणसें घातलीं, तर तें आणखीच रेंगाळतें. विहीर खणावयाची असती तर असें झालें नसतें. पण येथें नव्या माणसास शिकविण्यासाठीं जुन्या माणसास हातचें काम टाकावें लागतें, आणि जोड्या वाढतात त्या वेगळ्याच.

तेव्हां हे अठ्ठावीस धागे गुंतूं न देणें, हेंच मुकादमाचें मुख्य काम. सकाळीं दहा वाजतां तुकडीची बैठक भरते. तिला पंधराच मिनिटें द्यावयाचीं अशी रीत आहे. कार्यालयांत ती उभ्यानेंच घेतात, म्हणजे कोणी पाल्हाळ लावीत नाहीं. प्रत्येकानें काल काय केलें, आज काय करणार आणि कोठें अडलें, हें सांगावयाचें. यांतील तिसरें उत्तर खरें महत्त्वाचें, आणि नवशिके तेंच देत नाहींत. शाळेंत शेवटच्या बांकावरचा मुलगा "समजलें का?" या प्रश्नास मान डोलावतो, तसाच हा प्रकार आहे. "आज होईल" असें एकाच मुलाकडून लागोपाठ दोन दिवस ऐकूं आलें कीं बैठक संपतांच आमची सून त्याला एकट्याला गांठते. मग तासभर जें बोलणें चालतें, तें शिक्षण असतें; शेजारीं मात्र तें गप्पांसारखें ऐकूं जातें.

त्यानंतर तपासणी. तुकडींतील कोणीहि लिहिलेलें दुसऱ्यानें वाचून मान्य केल्यावांचून मूळ आज्ञावलींत घालावयाचें नाहीं, असा चांगल्या कार्यालयांत दंडक असतो. वह्या तपासण्यांत ज्याचा जन्म गेला त्यास यांतील कष्ट निराळे सांगावयास नकोत. पण वहीच्या तपासणींत उत्तर बरोबर कीं चूक एवढेंच पाहिलें तरी चालून जातें. येथें उत्तर बरोबर असूनहि वाट आडमार्गाची असेल, तर वही परत जाते, कारण दोन वर्षांनीं ती वाट दुसऱ्याच कोणास चालावयाची असते. अलीकडे कोडचा बराच भाग यंत्रच लिहून देऊं लागलें आहे. त्यामुळें लिहिणें हलकें झालें आणि वाचणें जड झालें.

ही तपासणी चुकविल्यानें काय होतें याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १ ऑगस्ट २०१२ या दिवशीं अमेरिकेंतील नाइट कॅपिटल या शेअरदलालांच्या कंपनीनें नवी आज्ञावली चालू केली. ती आठ यंत्रांवर बसवावयाची होती. प्रत्यक्षांत सात यंत्रांवर बसली. आठव्यावर वर्षानुवर्षें वापरांत नसलेली जुनी आज्ञावली तशीच पडून होती, ती जागी झाली व भराभर खरेदीविक्री करूं लागली. पाऊण तासांत ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झालें. बसविणाराचें काम दुसऱ्या कोणी पडताळून पाहावें, असा लेखी नियमच त्या कंपनींत नव्हता, असें पुढें सरकारी चौकशींत निष्पन्न झालें. एका माणसानें आठ यंत्रें मोजावयाचीं होतीं, एवढेंच काम!

दुपार बहुधा वाटाघाटींत जाते. कोड लिहिणाराचें मन वीस आंकड्यांची तोंडी बेरीज करणाऱ्यासारखें असतें. मध्येंच हांक मारली कीं बेरीज पहिल्यापासून. म्हणून बाहेरून येणाऱ्या हांका मुकादमानें स्वतःच्या अंगावर घ्यावयाच्या. विक्रीखातें गिऱ्हाइकास तारीख देऊन बसलेलें असतें. ती तारीख पाळणें शक्य नाहीं, हें पुराव्यानिशीं आणि आवाज न चढवितां सांगावें लागतें. तसें न सांगणारा मुकादम वरिष्ठांस प्रिय होतो व तुकडीच्या रात्री खातो.

रात्रीहि कधीं कधीं सुटत नाहींत. गेल्या पावसाळ्यांत एकदां मध्यरात्रीनंतर फोन आला, आणि आमची सून पहांटे चारपर्यंत संगणकासमोर होती. एका नव्या मुलाच्या बदलानें कोठें तरी काम ठप्प झालें होतें. दुसऱ्या दिवशीं तिनें जो वृत्तांत लिहिला त्यांत त्या मुलाचें नांव नव्हतें. मी कारण विचारलें. ती म्हणाली, "बाबा, नांव लिहिलें तर पुढच्या वेळीं चूक झाल्याचें आम्हांला कळणारच नाहीं. ती चूक तपासणींतून निसटली कशी, तेवढें शोधायचं." या धंद्यांतील पुष्कळ चांगल्या ठिकाणीं हीच चाल आहे. शाळांतून व कचेऱ्यांतून प्रथम गुन्हेगार शोधण्याची जी चाल आहे, तिच्याहून ही मला शहाणपणाची वाटते.

दिवसाचा शेवट समुद्रापलीकडच्या लोकांशीं बोलण्यानें होतो. न्यूयॉर्कचीं माणसें सकाळीं दहा वाजतां बैठकीस बसलीं कीं उन्हाळ्यांत आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं तिकडील घड्याळें एक तास मागें करतात, आणि मार्चपर्यंत तीच बैठक आमच्या घरीं साडेआठास, नेमकी पानें वाढण्याच्या वेळीं येते. त्या दिवसांत आम्ही सात वाजतां जेवून घेतों.