लिंक उलटी वाचा: डॉट इन आणि डॉट जीओव्ही डॉट इनमधला फरक

परवा काळेवाडी फाट्याला सिग्नलवर थांबलो होतो, तेवढ्यात मेसेज आला. 'तुमच्या गाडीचं चलान थकलंय, आजच भरा.' खाली लिंक. मनात चोर होताच, त्यामुळे अंगठा लिंकवर गेलाच होता!

मग पत्ता नीट बघितला. त्यात 'चलान' होतं, 'जीओव्ही' होतं, शेवटी डॉट इन होतं. फक्त जीओव्हीच्या आधी डॉट नव्हता, छोटी आडवी रेघ होती. आणि सगळी गंमत तिथेच आहे.

पत्त्याचे भाग पाडतो तो डॉट. रेघ भाग पाडत नाही, ती नावाचाच एक तुकडा. म्हणजे 'चलान-रेघ-जीओव्ही' हे अख्खं नाव कुणीतरी डॉट इनखाली विकत घेतलेलं. डॉट इन कुणालाही मिळतं, वर्षाला काहीशे रुपयांत. डॉट जीओव्ही डॉट इन मात्र फक्त सरकारी यंत्रणांना मिळतं. आपल्या महापालिकेची साइट, राज्याची ई-चलानची साइट, दोन्ही त्यावरच संपतात.

दुसरी चलाखी अशी, की 'जीओव्ही डॉट इन' खरंच असतं, पण मध्येच. पुढे आणखी डॉट आणि भलतंच शेपूट. म्हणून पत्ता उलटा वाचायचा. एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा, पुढची पहिली एकटी तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे या. तिरकी रेघ नसेल तर शेवटापासून. मालक तिथे कळतो.

आता घोळ असा, की महावितरणची खरी साइट महाडिसकॉम डॉट इन, नुसतं डॉट इन. म्हणजे जीओव्ही नाही म्हणून खोटी, असंही नाही. बँकांचं सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने त्यांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितलं होतं, आणि ते शेपूट फक्त बँकांनाच मिळतं. देवनागरीतलं डॉट भारत 2014 पासून आहे. दिसायला भारदस्त, पण तो सरकारी शिक्का नाही बरं का!

तर मी लिंक सोडली आणि घरी येऊन ई-चलानचा पत्ता स्वतः टाइप केला. एक जुनं चलान खरंच निघालं. हेल्मेटचं. मुकाट्याने भरलं.