राजपुरीच्या खाडीवरील पूल आणि पायउतारू

पूल बांधला म्हणजे पाणी ओलांडण्याचा प्रश्न मिटला, अशी एक समजूत आपल्या लोकांत रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. पूल वाट देतो. परंतु त्या वाटेने कोणी, कोणत्या वाहनाने आणि किती पैसे मोजून जावे, हे पूल ठरवीत नाही. ते सरकार ठरविते, आणि लोक जागे असले तर त्यांस विचारून ठरविते. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या योजनेत महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने राजपुरी खाडीवर आगरदांडा ते दिघी असा पूल धरला आहे. तेव्हा बोर्ली पंचतन, दिवेआगर व दिघी येथील रहिवाशांनी आणि व्यापाऱ्यांनी त्या पुलावरील टोलाचा व एस.टी.चा विचार आजच करावयास हवा. दर ठरून नाके उभे राहिल्यावर अर्जविनंत्या करणे म्हणजे बैल गेल्यावर झोपा करण्यासारखेच होय.

या खाडीने मुलखाचे दोन तुकडे फार पूर्वीपासून केले आहेत. जंजिरा संस्थानची राजधानी मुरूड उत्तरेच्या काठावर, तर म्हसळा व श्रीवर्धन हे महाल दक्षिणेच्या बाजूस. १९४८ साली संस्थान विलीन होऊन हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात आला. १९८१ साली त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. राज्ये बदलली, नावे बदलली, पण खाडी जागची हलली नाही. जिल्ह्याचे ठाणे अलिबाग, म्हणजे पुन्हा खाडीपलीकडेच. कलेक्टर कचेरी, जिल्हा न्यायालय, जिल्हा परिषद, जिल्हा रुग्णालय यांपैकी कोठेही काम निघाले की बोर्लीच्या माणसापुढे दोनच मार्ग उरतात: दिघीस जाऊन खाडी उतरावी, नाही तर म्हसळा-माणगावकडून लांबचा वळसा घ्यावा. ज्याच्या हाती पैसा व वेळ आहे त्यास हा वळसा त्रासाचा वाटतो. ज्याचा दिवसाचा रोजगार बुडतो त्यास तो दंडच होय.

सध्या दिघी-आगरदांडा मार्गावर मोटारी वाहून नेणारी फेरीबोट चालते. लोक तिला जंगलजेट्टी म्हणतात. तिने वळसा वाचविला, हे उपकार मान्य केलेच पाहिजेत. तथापि दिवाळीच्या, नाताळच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत दिवेआगर-श्रीवर्धनकडे पाहुण्यांचा ओघ लागला की धक्क्यावर मोटारींची रांग लागते. ही गर्दी माणसांची आहे काय? मुळीच नाही. एका एस.टी. गाडीस सुमारे तीन मोटारींची जागा लागते, आणि तेवढ्या जागेत चाळीसांवर माणसे बसतात. त्याच तीन मोटारींतून बहुधा दहाबाराच उतरतात. म्हणजे जागा अडविणारा निराळा आणि ताटकळणारा निराळा! पूल झाल्याने हे गणित बदलणार नाही. जी रांग आज धक्क्यावर दिसते तीच उद्या बोर्लीच्या अरुंद बाजाररस्त्यावर येऊन उभी राहील, आणि दिघी बंदराचे अवजड ट्रक तीत भर घालतील.

टोल या गोष्टीचेच आम्हांस वावडे आहे असे नाही. मुंबई इलाख्यात तरींचा कायदा १८६८ साली व रस्ते-पुलांवरील टोलाचा कायदा १८७५ साली झाला. तेव्हा उतरण्याचा पैसा देणे या भूमीस नवे नाही. शिवाय फुकटचा पूल खरोखर फुकटचा नसतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतील पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. पुलाची तपासणी व डागडुजी यांस पैसा लागतोच. तो कोणाकडून व कसा घ्यावा, एवढाच वाद आहे. लोकांचा रोष टोलावर नसून हिशेब न दाखविता चाललेल्या टोलावर आहे. त्या रोषापुढे नमून सरकारने २०१५ साली राज्यातील १२ नाके बंद केले व आणखी ५३ नाक्यांवर लहान मोटारी व एस.टी. यांस सूट दिली; ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींस माफी मिळाली. माफी गोड लागते, परंतु माफीने रस्त्यावरची एकही मोटार कमी होत नाही, आणि बसची वाट पाहणाऱ्याच्या पदरी तिने काहीच पडत नाही.

उलट बाजूचे उदाहरणही घरचेच आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. मोटारीस एका खेपेचे २५० रुपये. दुचाकी व रिक्षा यांस मज्जावच. तेथील लांबीचा व वेगाचा विचार करता तो नियम समजण्यासारखा आहे. परंतु तोच कित्ता राजपुरीवर गिरविला गेला तर काय होईल? मोटारी पुलावरून जाऊ लागल्या की फेरीबोटीचे उत्पन्न आटेल; उत्पन्न आटले की फेऱ्या घटतील, आणि शेवटी बोट बंद पडेल. मग टोपली घेऊन निघालेली कोळीण, शिकावयास पलीकडे जाणारा विद्यार्थी, दुचाकीवर माल नेणारा किरकोळ व्यापारी यांनी काय करावे? आज थोड्या पैशांत ते खाडी उतरतात. उद्या डोळ्यांपुढे भव्य पूल असून त्यांस पलीकडे जाता येणार नाही. बस नसलेला पूल गरिबाची खाडी रुंद करतो, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो.

यावर तोड नाही असे नव्हे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३७ साली खुला झाला. पुढे मोटारींची गर्दी त्यास पेलेनाशी झाली. कर्जरोखे १९७१ साली फिटले, तरी टोल उठविला गेला नाही. पूल चालविणाऱ्या संस्थेनेच १९७० साली बोटसेवा व १९७२ साली बससेवा सुरू करून टोलाच्या उत्पन्नातून त्यांस मदत दिली. मोटारवाल्याने दिलेल्या पैशातून बसवाला जातो, आणि बसवाला गेल्यामुळे मोटारवाल्याचा रस्ता मोकळा राहतो. यात कोणाचे नुकसान?

तेव्हा आमच्या सूचना पाच आहेत. पहिली, एस.टी., शाळेच्या गाड्या व रुग्णवाहिका यांस टोल कायमचा माफ असावा. दुसरी, दुचाकी व पादचारी यांस पुलावर निर्वेध वाट हवी, आणि ती नकाशातच दाखविली जावी. तिसरी, श्रीवर्धन, म्हसळा व मुरूड तालुक्यांतील रहिवाशांस व मालवाहू टेंपोंस अल्प दराचा मासिक पास मिळावा, आणि सुटीच्या गर्दीत बाहेरच्या मोटारीस अधिक दर असावा. चौथी, टोलाचा जमाखर्च दरसाल छापून ग्रामपंचायतीत लावावा, आणि त्यातील ठराविक हिस्सा श्रीवर्धन व मुरूड आगारांच्या खाडीपार फेऱ्यांस द्यावा. पाचवी, पूल होईतो आजच्या फेरीबोटीच्या व दोन्ही काठांवरील एस.टी.च्या वेळा जुळवून एकच वेळापत्रक करावे. त्यास पुलाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कोणी म्हणतील की अधिक दराने पाहुणे फिरकणार नाहीत आणि दिवेआगरच्या घरगुती खानावळी ओस पडतील. जो माणूस समुद्रासाठी एवढ्या दूर येतो तो थोड्या जादा टोलापायी माघारी फिरत नाही; तास-दोन तास रांगेत कुजला तर मात्र पुढच्या वर्षी येत नाही. व्यापाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या तालुक्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या झोपविल्या. रोठा सुपारीचे झाड पुन्हा फळावर येण्यास वर्षे लागतात. अशा बाजारपेठेस प्रत्येक खेपेचा भुर्दंड जड जातो. मासिक पासाची मागणी म्हणून भिकेची नव्हे, हिशेबाची आहे.

बाणकोटच्या खाडीवर बागमांडल्याजवळ पूर्वी हाती घेतलेला पूल अर्धवट राहिला, हे या भागाने डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून पूल लवकर व्हावा अशी उतावीळ सर्वांसच आहे, आणि ती योग्यही आहे. मात्र उतावळेपणात अटी घालावयाचे विसरू नये. बोर्लीच्या व्यापाऱ्यांनी व आसपासच्या ग्रामसभांनी वरील मागण्यांचे ठराव करून ते जिल्हाधिकारी, रस्ते विकास महामंडळ व एस.टी. महामंडळ या तिघांकडे पाठवावेत. पूल सरकारच्या पैशाने उभा राहील. तो सर्वांचा होईल की थोड्यांचा, हे या ठरावांवर अवलंबून आहे.