पोथीचे पत्रांक आणि ईथरनेटची तार

‘ईथरनेट’मधला ‘ईथर’ भौतिकशास्त्राने केव्हाच टाकून दिला आहे. प्रकाशलहरी वाहून नेणारे सर्वव्यापी माध्यम म्हणून एकोणिसाव्या शतकात त्याची कल्पना होती. पुढे ती मागे पडली. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी संगणक जोडणाऱ्या सामाईक तारेच्या जाळ्याला तेच नाव दिले. निकामी शब्दाला असा पुनर्जन्म क्वचितच लाभतो. मोठ्या संस्थांच्या माहितीचे साठेही आता या जाळ्यावर येत आहेत. जुन्या मराठी ग्रंथांचे स्कॅन सांभाळणाऱ्यांनी हे समजून घ्यावे, असे मला वाटते.

बँका, रुग्णालये यांची माहिती एकेका संगणकात विखुरलेली नसते. ती डिस्कांच्या स्वतंत्र साठ्यात असते आणि अनेक सर्व्हर तिथून ती घेतात. या देवघेवीसाठी नव्वदच्या दशकापासून ‘फायबर चॅनल’ नावाचे वेगळे जाळे वापरात आले. कारण रास्त होते. डिस्ककडे जाणाऱ्या माहितीतला एकही तुकडा गहाळ होऊन चालत नाही, आणि ईथरनेटवर गर्दी झाली की तुकडे गळतात. फायबर चॅनलमध्ये घेणाऱ्याकडे जागा असल्याचे कळल्याशिवाय देणारा पाठवतच नाही. पण त्यासाठी स्विच वेगळे, सर्व्हरमधले कार्ड वेगळे आणि ते जाणणारा माणूसही वेगळा.

२००४ मध्ये ‘आयस्कझी’ हे मानक प्रसिद्ध झाले. त्यातली युक्ती आपल्याला पोथीवरून चटकन कळेल. पोथीची पाने सुटी असतात. विस्कटली तरी पत्रांक पाहून पुन्हा लावता येतात. आयस्कझी डिस्कला द्यायच्या आज्ञा टीसीपी या इंटरनेटच्याच पद्धतीने पाठवते, आणि टीसीपीत प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असतो. सातवा तुकडा वाटेत गळाला तर त्याची पोच येत नाही. मग पाठवणारा तो पुन्हा पाठवतो, कारण पोच येईपर्यंत त्याने प्रत जपलेली असते. (हे सुख आपल्या पाठचिकित्सकांच्या नशिबी नाही!)

त्या काळी बहुतेक ठिकाणचे ईथरनेट सेकंदाला १ गिगाबिटचे, म्हणजे या कामाला तोकडे होते. पुढे २०१० मध्ये १०० गिगाबिटचे आणि २०१७ मध्ये ४०० गिगाबिटचे मानक मंजूर झाले. २०१८ मध्ये वेगवान फ्लॅश साठ्यासाठी टीसीपीवरून चालणारी ‘एनव्हीएमई’ पद्धत आली. ईथरनेट घरोघरी असल्याने त्याची यंत्रे मोठ्या संख्येने बनतात आणि स्वस्त पडतात.

ज्यांचे फायबर चॅनल नीट चालले आहे, त्यांनी ते सोडण्याची घाई करू नये. मला काळजी आहे ती लहान संस्थांची. माझ्या पाहण्यातल्या एका ग्रंथालयात जुन्या मासिकांचे स्कॅन सुट्या हार्ड डिस्कांवर कपाटात पडून आहेत. कोणत्या डिस्कवर कोणते वर्ष, हे एका निवृत्त कर्मचाऱ्यालाच ठाऊक. अशा ठिकाणी असलेल्याच ईथरनेटवर चार डिस्कांची साठवणपेटी जोडता येते. रचना नीट केली तर एक डिस्क बंद पडूनही मजकूर वाचतो. मात्र चोरी, आग किंवा चुकून पुसले जाणे यांवर ती पेटी हा उपाय नव्हे. दुसरी प्रत दुसऱ्या गावीच हवी. आपल्या अनुदान-प्रस्तावांत स्कॅनरची किंमत असते, या दुसऱ्या प्रतीची बहुधा नसते. इंदूरची प्रत बडोद्याला आणि बडोद्याची इंदूरला, असे संस्थांनी आपसांत ठरवले तरी पुष्कळ काम होईल.