परीक्षेच्या दिवसांत जखम उशिरा का भरते?

दहावीची परीक्षा जवळ आली की आमच्या वर्गात सर्दी, ताप आणि तोंड आल्याच्या तक्रारी सुरू होतात. "टीचर, बाहेरचं खाल्लं असेल," अशी अम्मीची खात्री असते. पण वर्षभर तेच खाणारी मुलगी नेमकी फेब्रुवारीतच आजारी का पडते?

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातला एक छोटा प्रयोग 1998 साली प्रसिद्ध झाला. दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची जखम करण्यात आली. एकदा उन्हाळी सुट्टीत, आणि पुन्हा दुसऱ्या बाजूला, परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस, म्हणजे 40 टक्के वेळ जास्त लागला. 11 पैकी एकाचीही जखम सुट्टीतल्या वेगाने भरली नाही. जागरणाचाही त्यात वाटा असेलच; परीक्षा आणि जागरण वेगळे करणार कसे?

याचे कारण मेंदूपर्यंत जाते. प्लीहा, लसिका ग्रंथी, अस्थिमज्जा ही रोगाशी लढणाऱ्या पेशींची ठाणी. प्लीहेत तर मज्जातंतूंची टोके थेट या पेशींना भिडलेली असतात. भीती वाटली की मेंदूचा निरोप तिथे पोहोचतो आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन व कॉर्टिसोल रक्तात सोडतात. धोका घटकाभराचा असेल तर हे उपयोगाचे. चिंता महिनाभर मुक्कामाला आली की मात्र कॉर्टिसोलचे ताळतंत्र सुटते आणि पेशींचे काम मंदावते.

गंमत अशी की व्यायामातही हेच अ‍ॅड्रेनालिन सुटते. भरभर चालू लागलो की काही मिनिटांत प्लीहेत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पेशी रक्तात उतरतात. तास-दोन तासांत रक्तातली त्यांची संख्या पुन्हा घटते. पूर्वी याला थकवा समजत. आता अनेक संशोधक म्हणतात की त्या फुफ्फुसे, आतडी अशा ठिकाणी पहाऱ्याला गेलेल्या असतात. मॅरेथॉनसारख्या अतिश्रमाबद्दल मतभेद आहेत. रोजच्या अर्ध्या तासाच्या चालण्याबद्दल तितके नाहीत. फरक एवढाच, की चालणे संपते तसा हा इशाराही संपतो. चिंतेचा संपत नाही.

म्हणून मला आमच्या मुलींची काळजी वाटते. भिवंडीत घरे दाटीची, शेजारी रात्रभर यंत्रमागांची खडखड. भाऊ क्रिकेट खेळून येतो. बहिणीचे खेळणे सातवी-आठवीतच सुटलेले असते. दहावीत तर "आता फक्त अभ्यास" म्हणून गच्चीवर जाणेही बंद होते. गेली काही वर्षे परीक्षा आणि रमजान एकत्र येत आहेत. सेहरीसाठी उठणाऱ्या मुलीला रात्री एकपर्यंत पुस्तकापुढे बसवू नका. तरावीहनंतर लगेच झोपू द्या, फजरनंतर अभ्यास होतो. इफ्तारनंतर अम्मीने तिला घेऊन गल्लीत वीस मिनिटे चालावे. अम्मीचेही चालणे होईल.

मात्र प्रत्येक आजार परीक्षेवर ढकलू नका. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, रोज संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन घटले तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयाची ही तपासणी तिथे मोफत होते. परीक्षा संपण्याची वाट पाहू नका.